तंजावर : पाठीवर सॅक आणि भिंतीवरची मराठी

तंजावर डोक्यात बसलं होतं ते एका भिंतीमुळे. बृहदीश्वराच्या देवळात सर्फोजी राजे दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतलाय हे कधीतरी वाचलेलं, आणि तेव्हापासून मला ती भिंत स्वतः वाचायची होती. फोटो काढून यायचा नव्हता, वाचायची होती. म्हणून डिसेंबरच्या शेवटी सुट्टी टाकली, ४० लिटरची सॅक भरली आणि एकटीच निघाले.

पुण्याहून चेन्नई सेंट्रलला उतरले, पण तंजावरची रात्रीची उळवन एक्सप्रेस एग्मोरहून सुटते, हे दुसरं स्टेशन आहे, तेव्हा मधे दोन-तीन तास तरी हातात ठेवा. पहाटे तंजावरला उतरले तेव्हा पाऊस नुकता थांबलेला आणि स्टेशनबाहेर चहापेक्षा कॉफीचाच वास. पहिल्या लॉजमध्ये एकटी बाई म्हणून रूम दिली नाही. त्यांनी तसं स्पष्ट म्हटलं नाही, "फुल" म्हणाले, पण माझ्यामागून आलेल्या जोडप्याला चावी मिळाली. वाईट वाटलं, खूपच वाटलं. पण पुढच्या गल्लीत एका घरगुती लॉजमध्ये मालकीणबाईंनी आधार कार्ड बघितलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे "साप्टिया?" म्हणजे जेवलीस का. रूमचं भाडं नंतर सांगितलं. त्यांना मी सगळे दिवस अक्का म्हणत होते.

तमिळ मला येत नव्हतं. अक्कांना हिंदी येत नव्हतं, इंग्लिशचे दहा-बारा शब्द. मी वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत लिहून ठेवलं, एव्वळवु म्हणजे किती, पोदुम म्हणजे पुरे, रोंब नल्ला म्हणजे खूप छान. यातला पोदुम सगळ्यात कामाचा, कारण मेसमध्ये केळीच्या पानावर भात वाढणारा माणूस आपण हे बोलेपर्यंत थांबतच नाही. आणि जेवून झालं की पान आपल्याकडे दुमडायचं, हे मला शेजारच्या आजोबांनी हाताने करून दाखवलं. सांबाराचं नाव संभाजी महाराजांवरून पडलं अशी गोष्ट आपल्याकडे फिरत असते, मला ती गोष्ट आवडते पण तिला जुना पुरावा कुणी दाखवलेला मला माहीत नाही, तेव्हा तिथे जाऊन ती कुणाला ठासून सांगू नका एवढंच.

फिरायला टाउन बस. साध्या टाउन बसमध्ये तमिळनाडूत बायकांना २०२१ पासून प्रवास फुकट आहे, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. मी बाहेरच्या राज्यातली म्हणून पैसे काढून धरले तर त्याने हातानेच नाही म्हटलं आणि तिकीट दिलं. ते तिकीट अजून माझ्या पाकिटात आहे.

आता देऊळ. पहिल्या दिवशी मी अकरा वाजता गेले ही चूक झाली. पाऊस जाऊन ऊन पडलेलं, चपला बाहेर ठेवायच्या, आणि आतलं पटांगण एवढं मोठं की दगडावरून चालताना पाय भाजतात. डिसेंबरात ही गत तर मे महिन्यात काय होत असेल. आत शिरताना पहिला दरवाजा मराठ्यांच्या काळातला, मग चोळांचे दोन, आणि मग एकदम ते विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, दिसतं, दोनशे फुटांच्या वर चढत गेलेलं, १०१० साली राजराज चोळाने पूर्ण केलेलं. हजार वर्षं. मी भिंतीसाठी आलेले, पण पहिला अर्धा तास मी नुसती मान वर करून उभी होते, आणि तेव्हाच कुठेतरी आत जाणवलं की मी "आपलं तंजावर" बघायला निघालेले खरी, पण हे गाव आधी चोळांचं आहे, मग नायकांचं, आणि मग १६७०च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे आले आणि १८५५ पर्यंत भोसले राहिले.

शिलालेख आवाराच्या नैऋत्य बाजूला ओवऱ्यांच्या भिंतीवर आहे. सापडायला वेळ लागला कारण तिथे शिवलिंगांच्या रांगा आहेत आणि भिंतीवर चित्रंही आहेत, लोक ते बघत पुढे जातात. आणि मग दिसलं. देवनागरी! ओळीच्या ओळी. वही काढून खाली बसले, अक्षर न अक्षर लागत होतं, श्री कळलं, शके कळलं, राजे कळलं, आणि तरी वाक्य लागेना, कारण शब्दांच्या मधे जागाच नाही आणि दोनशे वर्षांपूर्वीची दरबारी मराठी, फारसी शब्द मिसळलेली. तासाभरात अडीच ओळी झाल्या. डोळ्यात पाणी आलं खरंच, स्वतःची भाषा समोर आहे आणि आपल्याला ती लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सरस्वती महाल या जुन्या ग्रंथालयात मदत होईल म्हणून गेले, तर बुधवार, बंद. (बुधवार लक्षात ठेवा.) गुरुवारी परत गेले. पाहुण्यांना म्युझियमचा भाग बघता येतो, ताडपत्रं, जुने नकाशे, माणसांचे चेहरे प्राण्यांच्या चेहऱ्यांशेजारी ठेवून काढलेली फ्रेंच चित्रं. सर्फोजींना किती गोष्टींची भूक होती हे त्या एका खोलीत कळतं. त्यांनी डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदीसुद्धा चित्रांसकट ठेवून घेतल्या होत्या. मोडीतले कागद मात्र अभ्यासकांसाठी, रीतसर परवानगी काढून, आणि ते बरोबरच आहे.

पण बुधवारचा मोकळा दिवस वाया गेला नाही. अक्का पहाटे साडेपाचला दारात कोलम काढतात. तो मार्गळीचा महिना, त्यात घरोघरी मोठे कोलम असतात आणि मधे शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचतात. मला रांगोळी येते, लहानपणापासून येते, म्हणून मी पुढे झाले. चिमूट तीच, पण बाकी सगळं वेगळं. आपण उकिडवं बसतो, त्या कमरेतून वाकून उभ्याने काढतात. पीठ तांदळाचं. आधी ठिपके मांडायचे, त्याला पुळ्ळी म्हणतात, आणि सिक्कु कोलममध्ये रेघ ठिपके जोडत नाही, ठिपक्यांना वळसा घालत जाते आणि जिथून निघाली तिथे परत येते. मी तीनदा चुकले. अक्का प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसायच्या आणि माझं मनगट धरून परत सुरू करून द्यायच्या, एक शब्द न बोलता. चौथ्यांदा रेघ मिटली तेव्हा समोरच्या घरातल्या दोन बायका येऊन बघून गेल्या. कंबर दोन दिवस दुखत होती, पण खरं सांगते, या प्रवासातली सगळ्यात आनंदाची सकाळ तीच.

त्याच दिवशी दुपारी एका वीणा बनवणाऱ्यांच्या दारात उभी राहिले, त्यांनी आत बोलावलं. फणसाचं लाकूड, ते पण्रुटीकडून येतं म्हणाले. चोवीस पडदे, म्हणजे तारांखालच्या आडव्या पट्ट्या, मेण आणि कोळशाच्या पुडीच्या मिश्रणात बसवतात, मिश्रण गरम असताना पडदा ठेवायचा, तार छेडायची, ऐकायचं, केसभर सरकवायचा, परत ऐकायचं. ट्यूनर वगैरे काही नाही, कान. मी तासभर बसले आणि तेवढ्या वेळात त्यांचे चार पडदे बसले. काही विकत घेतलं नाही तरी कॉफी पाजली.

शुक्रवारी प्रदोष होता. अक्काच म्हणाल्या, संध्याकाळी पेरिय कोविलला जा, म्हणजे मोठ्या देवळात. आपल्याकडे प्रदोष म्हणजे बऱ्याच घरांत उपास आणि शंकराचं दर्शन एवढंच. इथे मान नंदीचा! एका दगडातला तो अजस्र नंदी, त्याच्यावर पुजारी वर चढून दूध ओततात, मग दही, हळद, चंदन, आणि प्रत्येक वेळी नंदीचा रंग बदलतो, काळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा पिवळा, आणि खाली शेकडो माणसं गप्प उभी. बायकांनी दूर्वांचे हार आणलेले. दूर्वा मला फक्त गणपतीच्या माहीत, नंदीला वाहताना पहिल्यांदा बघितल्या. नंतर लोक घरी पळत नाहीत, हिरवळीवर बसतात, पोरं खेळतात, डबे उघडतात. मी पण बसले, आणि शेजारच्या बाईंनी न विचारता हातावर दहीभात ठेवला.

शनिवारी सकाळी सहालाच शिलालेखाशी गेले, दगड थंड होता. मोठ्याने वाचत होते, कारण शब्द तोडायला ते सोपं जातं हे तोवर कळलेलं. मागून आवाज आला, "मराठी काय गं तू?" सत्तरीच्या पुढच्या एक आजी, नऊवारी नाही, साधी साडी, हातात फुलांची परडी, बरोबर भाचा. त्यांचं घराणं इथलंच, पिढ्यान् पिढ्या, इकडे लोक त्यांना रायर म्हणतात. त्यांची मराठी माझ्या कानाला आधी तमिळच वाटली, तो हेल तसाच, मधेमधे तमिळ शब्द, आणि मग एकदम एखादा शब्द असा यायचा जो मी फक्त माझ्या पणजीकडून ऐकलाय. आजींना देवनागरी वाचता येत नव्हती, घरात मराठी बोलतात पण शाळा तमिळमध्ये झाली. मग मी वाचायचे आणि त्या ऐकायच्या. काही ठिकाणी त्या म्हणाल्या हां, हे असं, आणि वाक्य सुटलं. बऱ्याच ठिकाणी दोघींनाही कळलं नाही. भाचा मोबाईलवर तासभर रेकॉर्ड करत होता. आम्ही मिळून अकरा ओळी केल्या.

आजींनी जेवायलाच नेलं. पानात रसवांगी होती, तमिळ घरांतही करतात ती, पण त्यांचं म्हणणं नावातलं वांगी आपलं आहे, आणि शेजारी डांगर पचडी, उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. माझी आई ताकात करते, त्यात कांदा घालते, पण चव, अगदी ती. मी सांगितलं तर आजी म्हणाल्या, तिथे अजून करतात का? त्यांना वाटत होतं हे फक्त तंजावरात उरलंय.

रविवारी रात्रीची गाडी होती. सॅक उचलून खाली आले, अक्का दारात होत्या, त्यांनी विचारलं, "साप्टिया?" मी म्हटलं, "साप्टेन, अक्का," आणि तरी त्यांनी पानात बांधलेल्या इडल्या सॅकच्या वरच्या कप्प्यात घातल्याच.