चार नंबरची लेव्हल

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लिओनोरापासून चार किलोमीटरवर ग्वालिया हे सोन्याच्या खाणीचं जुनं गाव आहे. आमच्यातले बहुतेक जण तिकडे फिरकतही नाहीत. बारा तासांची पाळी, कॅम्पमधली खोली, आणि रोस्टर संपला की विमानाने पर्थ.

मी खाणीत सर्व्हेअर आहे. या भागात माझं निम्मं काम जुन्या पोकळ्या शोधण्याचं. शंभर वर्षांपूर्वी कोणी कुठे खणून ठेवलंय हे न कळता वर यंत्र गेलं, तर जमीन यंत्रासकट खाली बसते. जुने नकाशे कापडावर, फुटांत, आणि खाणीच्या स्वतःच्या ग्रिडवर, म्हणजे मोजणीच्या आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीवर असतात. त्यातली उत्तर खऱ्या उत्तरेला असतेच असं नाही. कापड आडवं-उभं सारखं आटत नाही. म्हणून नुसतं स्केल करून भागत नाही, ग्रिडची एकेक फुली धरून नकाशा ताणून बसवावा लागतो. हे सॉफ्टवेअर आपोआप करतं असं ऑफिसातल्यांना वाटतं. नाही करत.

एके दिवशी पाळी सुटल्यावर ग्वालियाला गेले. पत्र्याची घरं, आत गोणपाटाच्या भिंती, वर चुना. डिसेंबर 1963 मध्ये खाण बंद झाली आणि बाराशे वस्तीच्या गावात तीन आठवड्यांत चाळीसेक माणसं उरली. कामगारांची कुटुंबं खास रेल्वेगाडीने कालगुर्ली शहराला गेली. 1897 पासून इथून सुमारे 82 टन सोनं निघालं होतं. पर्यटक मात्र हर्बर्ट हूवरच्या बंगल्याचे फोटो काढतात, कारण इथला हा तरुण मॅनेजर पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्यानेच इथे इटालियन मजूर लावले, ते तुलनेने स्वस्त पडत म्हणून. त्या मजुरांच्या घरांपुढे फार कोणी थांबत नाही.

खड्ड्याच्या कठड्यापाशी सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. 1963 च्या त्या रेल्वेगाडीतून गेल्या तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या. माझ्या शर्टावरची पट्टी बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही खाणीतल्या ना? माझे वडील चार नंबर लेव्हलला होते. ती कुठे आली?"

लेव्हल म्हणजे खाणीतला ठरावीक खोलीवरचा भुयारांचा मजला. जुन्या खाणीचा उभा छेद, म्हणजे बाजूने कापून दाखवलेला नकाशा, माझ्या लॅपटॉपवर होता. खाणीच्या तोंडापासून तिरकं अंतर धरून हिशेब केला आणि हात लांब केला तो मोकळ्या हवेत. 1980 नंतर वरून उघडा खड्डा खणला गेला, त्यात वरची भुयारं भोवतालच्या दगडासकट निघून गेली. जिथे त्यांचे वडील दिव्याच्या उजेडात दगड फोडत, तिथे आता ऊन पडतं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना उजेड आवडायचा."

ते अजून डोक्यातून जात नाही. नकाशे डिजिटल करताना आमच्याकडे जुन्या सर्व्हेअरच्या सह्या, स्टोपची (खनिज काढलेल्या पोकळ्यांची) नावं, पेन्सिलीच्या टिपा 'कचरा' म्हणून काढून टाकायला सांगतात. हे मला मुळीच पटत नाही. 'इथे पाणी', 'छत कच्चं' हेही त्याच पेन्सिलीने लिहिलेलं असतं.

बाईंना मी छेदाची प्रत पाठवली. चार नंबर लेव्हल लाल केली आणि अंतरं फुटांतच ठेवली. त्यांचे वडील फुटांतच मोजत असणार.