द्वादशीच्या रात्रीचं पाणी

रविवारी दुपारी सव्वातीनला काका हॉलच्या दारात छत्री झटकत उभे राहिले. आत सकाळच्या टेबलाचा गलका चालला होता. कचोरीचे कागद पडलेले, कुणी नकाशावर वाकलेलं, कुणी टेबलावर थाप मारून तोच प्रसंग तिसऱ्यांदा सांगत होतं. काकांनी चपला कडेला लावल्या आणि विचारलं, "कुठलं दार उघडलं म्हणता?"

"धरणाचं, काका! पेंढाऱ्यांचा अख्खा तळ वाहून गेला. एक तलवार उपसावी लागली नाही!"

"कधी?"

"आज रात्री. वद्य द्वादशीला, बरोबर बाराच्या ठोक्याला."

काकांनी शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली, चष्मा सारखा केला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "अगं, आज रात्री आम्ही खाली खोऱ्यातच झोपलोय."

माझ्या पोटात गोळा आला, कारण त्यांचं बरोबर होतं आणि ते मला आठवडाभर माहीत होतं.

मी इंदूरला राजेंद्रनगरात एका मंडळाचा हॉल भाड्याने घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्सचा सामाईक खेळ चालवते. चार वर्षं हेच माझं काम आहे. हा खेळ साधारण असा असतो: चार-सहा जण एका टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, डीएम, म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा, समोरचा प्रसंग सांगतो, पात्र काय करणार ते खेळाडू सांगतात आणि जिथे खात्री नसते तिथे फासा टाकतात. बहुतेक ठिकाणी एका टेबलाचं एक जग असतं. आमचं तसं नाही. आमच्याकडे 58 खेळाडू, सहा डीएम आणि जग एकच. एका टेबलाने पूल पाडला, तर दुसऱ्या टेबलाला पुढच्या रविवारी तो पडलेलाच दिसतो. कोण कुणाबरोबर जाणार आणि कुठे जाणार, हे खेळाडू आपसांत ठरवतात. ही पद्धत आमची नाही. अमेरिकेत बेन रॉबिन्स यांनी 'वेस्ट मार्चेस' नावाने असा खेळ चालवला, तिथून ती जगभर पसरली. त्याच्याही मागे गेलं तर मुळात हा खेळच असा होता. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो छापला, तेव्हा एका मोहिमेत चारपासून पन्नासपर्यंत खेळाडू सामावतील असं त्यांनी लिहिलं होतं. एका टेबलावरचा घरगुती खेळ ही नंतरची गोष्ट आहे.

इतकी माणसं एका जगात वावरतात तेव्हा सगळ्यात महत्त्वाची वस्तू राक्षस नसते की खजिना नसतो. ते असतं कॅलेंडर. गायगॅक्सनी 1979 च्या डीएमसाठीच्या पुस्तकात काळाची काटेकोर नोंद ठेवा म्हणून मोठ्या अक्षरांत बजावलंय, आणि पहिल्या वर्षात मला ते पुरेपूर पटलं. आमच्याकडे बाहेरचा एक दिवस म्हणजे आतला एक दिवस. आत आम्ही तिथी वापरतो, कारण तिथी कळली की चंद्र कळतो, आणि रात्रीच्या प्रसंगात कुणाला किती दिसतं हा प्रश्न सारखा येतो. प्रत्येक तुकडीने सेशन संपताना गावात परतायचं असा नियम आहे. नाही परतता आलं, तर ती कुठे आहे ते रजिस्टरमध्ये लिहायचं आणि नकाशावर टाचणी लावायची. ते लिहायचं काम माझं.

मागच्या रविवारी संध्याकाळच्या टेबलाने चाळीस विस्थापित माणसांना त्यांच्या ओसाड गावी परत नेलं होतं. सात दिवसांचा प्रवास त्यांनी एका बैठकीत खेळला, द्वादशीच्या रात्री गावात मुक्काम टाकला आणि तेवढ्यात वीज गेली. पाऊस असा कोसळत होता की बॅटरीच्या उजेडात सामान गोळा करून सगळे घरी पळाले. त्यांची डीएम, होळकर कॉलेजात शिकणारी पोरगी, हिने रात्री मला फोन करून सगळं नीट सांगितलं. मी "उद्या लिहिते" म्हणाले. माझ्याही घरी अंधार होता. सोमवारी लिहिलं नाही, मंगळवारी विसरले. सकाळच्या टेबलाच्या डीएमने धरणाचं दार उघडू देण्याआधी रजिस्टर बघितलं होतं, दोनदा बघितलं होतं. खोरं रिकामं. टाचणी नाही.

म्हणजे चूक सकाळच्या टेबलाची नव्हती, त्या पोरीची नव्हती. माझी होती.

मी सगळ्यांसमोर ते सांगितलं. गलका एकदम बसला. ज्याच्या पात्राने धरणाची चरखी फिरवली होती तो खेळाडू, एरवी जिल्हा कोर्टात वकिली करणारा तरुण, लगेच म्हणाला, "मग सोपं आहे ना ताई. चरखी गंजलेली होती, फिरली नाही. आम्ही दुसरं काहीतरी करू." बाकीच्या पाचांनीही माना हलवल्या. इतकी चांगली चाल हाताने पुसायला तयार झाले ते, एका सेकंदात. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. आणि खरं सांगते, मीही हो म्हणणार होते. 'तसंच करू' हे शब्द ओठांवर आले होते.

"नाही," काका म्हणाले. "दार उघडलंय."

काका सत्तरीचे आहेत. इथल्या एका कापड गिरणीत ते टाइमकीपर होते, गिरणी बंद पडेपर्यंत. नातवाला सोडायला म्हणून आले आणि दोन महिन्यांत नातू सुटला, काका राहिले. त्यांचा बिरू धनगर हे आमच्या जगातलं सगळ्यात जुनं जिवंत पात्र. बिरू आणि त्याचा कुत्रा वाघ्या. त्या खोऱ्यात सगळ्यात जास्त जाणार होतं ते त्यांचंच.

"पंच झालेलं कार्ड मी कधी खोडलं नाही," काका म्हणाले. "आज हे पुसलं तर उद्या ती चाळीस माणसं आणलेलीसुद्धा पुसता येतील. मग आम्ही चौदा महिने कशासाठी खपलो?" थोडं थांबून ते म्हणाले, "आणि असं होतं. धाराजी विसरलात का?"

तरुणांना माहीत नव्हतं, मोठ्यांना होतं. 2005 च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यात नर्मदाकाठी धाराजीला भूतडी अमावास्येची जत्रा भरली होती. लोक पाण्यात असताना वरच्या धरणातून सोडलेलं पाणी आलं आणि कितीतरी यात्रेकरू वाहून गेले. आमच्या भागातल्या खूप घरांतून लोक तिथे जात. ते नाव निघाल्यावर पुन्हा कुणी गंजलेल्या चरखीचं बोललं नाही.

मी अर्धा तास मागितला आणि नकाशा घेऊन मागच्या खोलीत बसले. दोन्ही डीएम बरोबर होते. दार उघडलं, हे खरं. गावात माणसं झोपली आहेत, हेही खरं. ठरवायचं ते एवढंच की मधल्या वेळात काय झालं. आमच्या नकाशावर एक षटकोन म्हणजे दहा किलोमीटर. धरण गावापासून दोन षटकोन वर. पाण्याचा लोंढा तासाला दहा किलोमीटर धरला, तर बाराला सुटलेलं पाणी दोनला गावात. वद्य द्वादशीचा चंद्र पहाटेच उगवायचा, म्हणजे काळोख. आणि पहाऱ्यावर कोण होतं? पोरीच्या टिपणात ते नव्हतं. काकांच्या डायरीत होतं. निळ्या शाईत, बारीक अक्षरात: दुसरा पहारा, 12 ते 3, बिरू.

चारला टेबल बसलं. सकाळचे सहाही जण घरी गेले नाहीत, भिंतीशी खुर्च्या ओढून बसले.

आमच्याकडे डीएमने आधी सांगायचं, मग फासा पडायचा. फासा पडल्यावर अर्थ लावायला गेलं की माणूस नकळत आपल्या मनासारखा लावतो. म्हणून मी आधीच सांगितलं: वाघ्याला आवाज लागला तर गावाला एक तास मिळेल. नाही लागला तर दहा मिनिटं. पंधरा किंवा वर पाहिजे. बिरूच्या फाशात अधिक चार मिळवायचे. कुत्रा आहे म्हणून वीस बाजूंचा फासा दोनदा, मोठा धरायचा. शंभरात पंचाहत्तर वेळा हे साधतं.

काका फासे स्टीलच्या ताटलीत टाकतात, तळाला रुमाल घालून, आवाज होऊ नये म्हणून. त्यांच्या फाशावरचे आकडे झिजले होते, ते त्यांनी पांढऱ्या रंगाने सुईच्या टोकाने पुन्हा भरलेत. पहिला फासा पडला, सहा. दुसरा फासा ताटलीच्या कडेला लागून फिरत राहिला, फिरत राहिला आणि तीनवर बसला.

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. काका म्हणाले, "दहा मिनिटं. चला."

पुढचे चार तास मी सगळे सांगत बसत नाही. लढाई सांगता येते, पळापळ सांगता येत नाही. पोरीने ते ज्या धीराने चालवलं, तसं मला जमलं नसतं. कुणाला सूट दिली नाही, कुणाला मुद्दाम छळलं नाही. बँकेत काम करणाऱ्या एका ताईंच्या बारगिराने चिंचेला दोर बांधून टेकडीपर्यंत नेला. बिरूने दोन पोरं खांद्यावर घेतली आणि तिसऱ्यासाठी परत फिरला. आणि आमचा नववीतला मुलगा, ज्याचं पात्र एक पोरसवदा शाहीर, तो देवळाच्या चौथऱ्यावर चढून डफ वाजवत राहिला. लोक झोपेतून उठून अंधारात नदीकडेच धावत होते. डफ ऐकून ते वळले.

"तू उतर आता," काका त्याला दोनदा म्हणाले. तो म्हणाला, "अजून खालची आळी यायचीय."

मी भिंतीशी बसलेल्यांकडे बघत होते. वर पोचलेल्यांचा आकडा पोरगी फळ्यावर लिहीत होती. अठरा. चोवीस. एकोणतीस. एकतीस. एकतीसच्या पुढे खडू उचलला गेला नाही, आणि वकिलाने चष्मा काढून हातात धरला.

चौथरा बुडाला तेव्हा शाहिराचे हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव मोजायचे गुण, शून्यावर गेले. अशा वेळी पात्र लगेच मरत नाही. दर खेपेला वीसचा फासा टाकायचा, दहा किंवा वर पडला की जमेत, खाली पडला की खर्ची. तीन जमा झाले तर वाचला, तीन खर्ची पडले तर गेला. मधे कुणी पोचलं तर त्याला सावरता येतं, पण सगळे दोराच्या पलीकडे होते.

सात. एक खर्ची.

त्याच वेळी त्याची आई त्याला न्यायला आली. दारातूनच म्हणाली, "अरे चल, आठ वाजले, उद्या शाळा आहे." कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा ती ओला पदर सावरत आत आली आणि त्याच्या मागे उभी राहिली.

बारा. एक जमा.

तिसरा फासा त्याने मुठीत बराच वेळ धरला. मग सोडला. एक पडला. एक पडला की दोन खर्ची धरतात.

"काय झालं?" आईने विचारलं.

"गेला, आई." त्याचा आवाज सरळ होता, पण कान लाल झाले होते.

मला वाटलं ती म्हणेल, खेळच आहे, चल. बहुतेक जण असंच म्हणतात, आणि मला दर वेळी ते लागतं. त्या पोराने सव्वा वर्ष त्या शाहिराची कवनं एका वहीत लिहिली होती, बिरूवरसुद्धा एक केलं होतं. तिने ती वही घरी बघितली असणार. ती बाजूच्या खुर्चीवर बसली, समोरचा कागद वाचला आणि म्हणाली, "इथे लिहिलंय, याची आई गवळणवाडीला असते. तिला कोण कळवणार?"

हा प्रश्न आमच्याकडे आजवर कुणी विचारला नव्हता. चार वर्षांत पात्रं मेली होती. आम्ही टाळ्या वाजवल्या, हळहळलो, नवी पात्रं केली. कुणाच्या घरी कुणी गेलं नव्हतं.

"मी जातो," वकील म्हणाला. तो उठून टेबलापाशी आला होता. "म्हणजे, ज्याने चरखी फिरवली तो जाईल. दार आम्ही उघडलं, हे आम्हीच सांगायला पाहिजे." सकाळच्या टेबलावरच्या आणखी तिघांनी हात वर केले. काका म्हणाले, "बिरू पण येईल. डफ सापडला तर घेऊन येईल." मग पोरीकडे बघून, "सापडेल का?" ती म्हणाली, "बाराच्या वर." ताटलीत चौदा पडला.

मी रजिस्टर उघडलं. आधी मागच्या रविवारची राहिलेली नोंद लिहिली, सगळ्यांसमोर, आजची तारीख घालून. मग नकाशावर अंतर मोजलं. गवळणवाडी सहा दिवसांची वाट. सोमवारी त्रयोदशीला निघाले तर मधे अमावास्या लागेल, शनिवारी पोचतील. तोवर ती पाच पात्रं दुसऱ्या कशात खेळणार नाहीत, हेही सांगितलं. कुणी कुरकुरलं नाही.

"कुणाकडे जायचं, ते लिहायचंय," मी मुलाला म्हटलं. "शाहिराच्या आईचं नाव काय?"

त्याने कधी ठेवलंच नव्हतं. तो कागदाकडे बघत बसला. त्याच्या आईने घड्याळ बघितलं नाही. पर्स मांडीवर घेऊन ती थांबली, आणि आम्ही बाकीचे सगळेही थांबलो.