टीसीसाठी सहा चकरा

उन्हाळ्यात बहीण सामानासकट माहेरी परत आली. तिची पोरगी तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेत चौथी झालेली. तिला आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीत टाकायचं, त्यासाठी जुन्या शाळेतून टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणायचा, एवढंच काम. विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हटलं वेळच वेळ आहे.

तालुक्याच्या शाळेतला बाबू मान वर न करता म्हणाला, "फीची बाकी अकरा हजार. भरा अन् दाखला घेऊन जा." पेरणी तोंडावर, बियाण्याचेच पैसे उधार, अकरा हजार आणायचे कोठून? हप्ते पाडून द्या म्हटलं तर 'मॅडमला विचारा'. मॅडम ट्रेनिंगला. पुढच्या खेपेला मॅडम होत्या, पण शिक्का कपाटात अन् चावी बाबूच्या घरी. एसटीनं जाऊन येऊन अख्खा दिवस मोडायचा. अशा सहा चकरा केल्या. सहाव्या वेळी मी आवाज चढवला, त्यानं काम तर झालं नाहीच, वॉचमनशी ओळख मात्र झाली.

इकडे शाळा उघडली. गुरुजींनी पोरीला वर्गात बसू दिलं, पण हजेरीत नाव नाही. पुस्तकंही नाहीत. "टीसी आणा जी, पोरगी ऑनलाइन आमच्याकडे दिसत नाही." रोज संध्याकाळी ती विचारायची, "मामा, माझं नाव कधी घेतील?"

शेवटी पारावर बसणाऱ्या एका निवृत्त केंद्रप्रमुखांनी मलाच झापलं. "काऊन बा हिंडतो त्या बाबूमागं? कायदा वाचला का?" 2009 चा शिक्षणहक्क कायदा, कलम 5: मूल शाळा बदलत असेल तर जुन्या शाळेनं दाखला लगेच द्यायचा. आणि मला ठाऊक नव्हतं ते हे, की दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू किंवा लांबवू शकत नाही. म्हणजे मी भांडत होतो तालुक्यात, अन् काम होतं घरापासून दोनशे पावलांवर!

साध्या कागदावर मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला, कलमाचा उल्लेख केला, एक प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिली. दोन्हीकडून पोच घेतली. पोच घ्याच, तोंडी बोलण्याला कोणी विचारत नाही. जन्माचा दाखला जोडला. तो नसता तर अंगणवाडीच्या रजिस्टरची नोंदही चालली असती. गुरुजी अर्ज वाचून म्हणाले, "असं लेखी असलं की मलेही बरं पडते." त्याच दिवशी नाव चढलं. ऑनलाइनचं काय ते पुढं त्यांनी अन् पंचायत समितीनं पाहिलं.

अकरा हजारांची बाकी बहीण हप्त्यानं फेडते आहे, तो वेगळा हिशेब.

हां, एक सांगायचं राहिलं: शाळा बदलण्याचा हा हक्क सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत किंवा केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिकी शाळेत जायचं असेल तर कलम 5 दाखवून उपयोग नाही.