मोडीच का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नकार्यात विचारतात, ऑफिसात डबा खाताना विचारतात, परवा तर दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसले होते तिथेही एकीने विचारलंच. "काय गं, तुझं ते मोडी अजून चालू आहे? कशासाठी करतेस एवढं?" मोडी म्हणजे मराठीची जुनी लिपी. गंमत अशी की विचारणाऱ्यापाशी उत्तर आधीच तयार असतं. कुणाला वाटतं इतिहासाचा अभिमान, कुणाला वाटतं मनःशांती, आणि उरलेल्यांना वाटतं मुलं मोठी झाली, वेळ जात नाही, मग हस्तकला. मीही आजवर माणूस बघून उत्तर देत आले. काकांना इतिहास, मैत्रिणींना मनःशांती, शेजारणीला छंद. प्रत्येक वेळी समाधान झालं ते त्यांचं.

मोडी शिकायला लागले त्या वर्षी आमच्या घरी काय झालं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, ते पुन्हा उगाळत नाही. माझी झोप उडाली होती, इतकंच इथे पुरे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हाताला काहीतरी काम ठेवा म्हणाले. मग विणकाम झालं. रंगवायच्या मंडलांचं एक पुस्तक कुणीतरी प्रेमाने दिलं होतं. रात्री दोन वाजता ते रंगवत बसलेलं असताना मला माझीच इतकी कीव आली की दुसऱ्या दिवशी ते रद्दीत गेलं. पुराभिलेख संचालनालयाच्या मोडीच्या वर्गाला नाव घातलं ते, खरं सांगते, त्या वेळेला घरात बसवत नव्हतं म्हणून. इतिहासाची ओढ वगैरे काही नव्हती. शाळेत मी सनावळ्या घोकून पास झालेली मुलगी.

पहिल्याच दिवशी सरांनी अक्षर काढूच दिलं नाही, आधी रेघ मारायला लावली. बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, आपण अक्षरं काढतो आणि वरून रेघ देतो. मोडीत कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी शिरोरेघ, मग तिला खालून अक्षरं लटकवत जायचं, आणि होता होईल तो हात उचलायचा नाही. शब्द कुठे संपला ते दाखवायचं नाही. पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, इकार एकच, उकारही एकच. 'र' तर शेजारी कोण बसलंय ते बघून रूप पालटतो. त्यात बोरू. तो तिरका तासायचा, शाईत बुडवायचा, आणि एका बुडीत किती अक्षरं निघतील याचा अंदाज हाताला येईपर्यंत डाग पाडत राहायचं. तो तास संपला तेव्हा लक्षात आलं, तासभर मला दुसरं काही आठवलं नव्हतं.

झालं. मी सांगत सुटले की मोडी म्हणजे माझं ध्यान. एका मैत्रिणीने त्याला सेल्फ-केअर म्हटलं, तेही मी आनंदाने चिकटवून घेतलं. ती तेव्हाची मी आज भेटले तर विचारीन, बाई गं, कित्ता गिरवणं ठीक आहे, पण पुढे तू वाचतेयस काय ते एकदा बघशील का?

कारण कित्त्यानंतर खरे कागद येतात. शिवकालीन वळण, पेशवेकालीन वळण, मग इंग्रजी अमदानीतलं घाईचं, दाटीवाटीचं वळण. लोकांना वाटतं त्यात लढाया असतात. असतीलही, पण माझ्या वाट्याला आले ते कर्जरोखे, थकलेली वसुली, वाटणीचे तंटे, गाव सोडून परागंदा झालेली कुळं, पाटीलकीच्या मानपानावरून झालेली भांडणं. पत्राची सुरुवात मोठी गोड, "येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे", आणि दुसऱ्या ओळीला तगादा. शेवटी पुन्हा गोड, "बहुत काय लिहिणे". पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, लाखांनी. बहुतेक सगळे कुणाच्या ना कुणाच्या अडचणीचे.

मला त्यातली तारीख सोडवायला सर्वांत आवडतं. महिना मुसलमानी, दिवसाच्या आधी चंद्राचा 'छ', आणि शुहूर सनाचे, म्हणजे त्या कागदांतल्या कालगणनेचे, आकडे अरबी, तेही शब्दांत आणि उलट्या क्रमाने. 'इहिदे सबैन मया अलफ', म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७०, आणि साल मृगापासून सुरू होतं म्हणून १७७०-७१. हे गणित करता करता मला जी झोप येते ती गोळीने कधी आली नाही. म्हणजे कुठल्याशा कुळाची बाकी थकली होती त्या तारखेवर मी निवांत झोपते. याला मनःशांती म्हणायचं असेल तर म्हणा. माझी जीभ आता अडखळते.

इतिहासाच्या बाजूचे लोक तर थेट राजवाड्यांचं नाव काढतात. "तुम्ही त्यांचंच काम पुढे नेताय." कृपा करा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव दप्तरं धुंडाळून १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि एकामागून एक बावीस खंडांपर्यंत ते काम गेलं. त्या माणसाला कुणी "यातून तुम्हाला स्वतःसाठी वेळ मिळतो का हो?" असं विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं, याची कल्पना करून मी कधी कधी एकटीच हसते. मी शनिवार-रविवारची बाई आहे. माझ्या वाचण्याने इतिहासात एका ओळीची भर पडलेली नाही.

आणि छंदवाले. त्यांना दारावरची पाटी हवी असते, लग्नपत्रिकेवर दोन ओळी, मनगटावर गोंदवायला मुलाचं नाव. पूर्वी मी नाही म्हणायचे, मोडी ही नटवायची गोष्ट नाही असं भाषणही द्यायचे. मग भाचीच्या पत्रिकेवर लिहिलं, लोकांनी "काय वळण आहे!" म्हणून वाहवा केली, आणि मला ते फार आवडलं. तेव्हापासून भाषण बंद आहे. गोंदवायची नावं मात्र अजूनही टाळते.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही आडून आडून विचारता ते. गावच्या घरातली सनद.

आमच्या माजघरात एक चौकट होती, आहे. आत पिवळा पडलेला कागद, वर राणीच्या मुखवट्याचा छाप, खाली मोडी. आजोबांच्या पिढीला मोडी शाळेतच शिकवत, पण त्यांनी तो कागद कधी वाचून दाखवल्याचं कुणाला आठवत नाही. घरात मात्र पक्कं होतं की ही सरकारने दिलेली इनामाची सनद. इनाम कुठलं, कुठे गेलं, हे कुणी विचारत नसे. गणपतीत सगळे जमलो होतो. काकांनी चौकट उतरवली, पंचाने काच पुसली आणि म्हणाले, "वाच. मोठ्याने वाच. पोरांनाही कळू दे आपण कोण होतो ते."

छाप पाहिल्याबरोबर मला शंका आली होती, तो मुद्रांकाचा कागद होता. पण मुद्रांकावरही चांगली गोष्ट लिहिलेली असू शकते. मी सुरुवात केली. शके १७९६, भावनाम संवत्सरे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग लिहून घेणार म्हणून आमच्या खापरपणजोबांचं नाव आलं, गाव, परगणा आलं. काका ताठ बसले.

मोडी वाचायची म्हणजे काय होतं ते न वाचणाऱ्याला सांगणं अवघड आहे. शब्द तुटलेले नसतात, आपण तोडायचे असतात. अक्षरं तोंडाने म्हणत जायची आणि अर्थ मागून येतो. बाळबोध असतं तर डोळा दोन ओळी पुढे धावला असता आणि मी ठरवलं असतं, वाचायचं की खोकला काढायचा. मोडी तेवढी सवड देत नाही. 'अ', 'न्न', 'व', 'स्त्रा', असं मी म्हणत गेले आणि मला व समोरच्या पंधरावीस माणसांना एकदमच कळलं.

तो अन्नवस्त्राचा करार होता. लिहून देणार, अमुक कोम अमुक, म्हणजे अमक्याची बायको. खापरपणजोबांच्या धाकट्या भावाची विधवा. आमच्या वंशावळीत त्या भावाच्या नावापुढे 'निःसंतान' लिहून फांदी थांबवलेली आहे, बाईचं नाव कुठेच नाही. सालीना बारा रुपये, दोन लुगडी, राहायला मागल्या पडवीतली खोली. अंगावरचा ऐवज दिराच्या स्वाधीन केला. यापुढे मिळकतीबाबत काही एक बोलणार नाही. लौकिकास बाध येईल असं वर्तन घडल्यास अन्नवस्त्र बंद. साक्षीदार चार, सगळे पुरुष. शेवटी तिचं नाव, आणि सही येत नाही म्हणून नावापुढे निशाणी, बांगडी. शाईने काढलेलं एक लहानसं वेडंवाकडं वर्तुळ. जुन्या कागदांत ही पद्धतच आहे, कुणब्याचा नांगर तशी बाईची बांगडी. नवरा मेल्यावर हातातल्या बांगड्या गेल्या तरी कागदावर बांगडीच.

कुणी काही बोलेना. मग काका म्हणाले, "हे आपल्या घरचं नसेल." नावं वाचून झाली होती. मग म्हणाले, "तुझं वाचण्यात काहीतरी चुकत असेल. मी पुण्यात जाणकाराला दाखवतो." चुलतभाऊ मला बाहेर घेऊन गेला. "ताई, छंद आहे ना तुझा? मग छंदासारखा कर ना. सणासुदीचं कशाला?"

मी त्याला सुनावलं. त्या काळचा कायदाच तसा होता, एकत्र कुटुंबातल्या विधवेला वाटा नव्हताच, १९३७ च्या कायद्याने पहिल्यांदा काही मिळालं, तेव्हा आपल्या माणसांनी काही जगावेगळं पाप केलेलं नाही, असं सगळं. बोलताना कळत होतं की मी काकांचीच बाजू मांडतेय. कायदा तसा होता हे खरंच आहे. पण वाटा नव्हताच, तर बाईकडून लिहून का घ्यावं लागलं? ती काही बोलली असणार. भांडली असणार. हे कागदात नाही, त्यामुळे ते मला म्हणता येत नाही, आणि मनातून जातही नाही.

रात्री काकू आल्या, मोबाइलची बॅटरी लावून. "ती बांगडी कुठेय, दाखव." दाखवली. काचेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. "मागली पडवी म्हणजे मी सरपण ठेवते ती." मग म्हणाल्या, "बारा रुपयांत भागत असेल का गं तेव्हा?" वर्षाचे बारा म्हणजे महिन्याचा एक, एवढंच मला सांगता आलं. मोडीच्या एवढ्या वर्षांत मला कुणी विचारलेला तो सर्वांत कामाचा प्रश्न होता.

काकांनी तो कागद पुण्यात दाखवला म्हणे. तिथे काय वाचलं गेलं ते त्यांनी सांगितलं नाही. चौकट परत माजघरात आहे.

यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चौकट टांगण्याआधी मी कागदाचा फोटो काढून ठेवला होता. घरी आल्यावर आखून घेतलं, शाई कालवली आणि तो करार बोरूने पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवला. मूळ अक्षर घाईचं, कारकुनी. मी पेशवाई वळणात लिहिला. 'लौकिकास बाध' ही ओळ तर इतकी सुरेख उतरली की मी ती लांब धरून पाहिली. बांगडी काढताना हात थरथरला, म्हणून ती सुबक यावी यासाठी वेगळ्या कागदावर सराव केला. आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली, कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी.

मैत्रिणीला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, "बरं वाटलं ना? मग झालं तर." तेच तर झालेलं नाही. त्या बाईच्या लाचारीचा कागद माझ्या रात्रीच्या कामी आला. माझ्या वाचण्याने तिचे बारा रुपये काही कमी झाले नाहीत, हे मी स्वतःला सांगते. तिचं नाव दीडशे वर्षांत त्या घरात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं गेलं तेही माझ्याच तोंडून, हेही सांगते. दोन्ही खरं आहे. तरी ती सुबक केलेली बांगडी मला पटत नाही, आणि फाडूनही टाकवत नाही. ती कपाटात आहे, पाटी-पत्रिकांच्या नमुन्यांखाली.

तेव्हा अभिमान, मनःशांती, छंद, यातलं काय ते तुम्हीच निवडा. आणि हो, "आता मोबाइलच वाचून दाखवेल, तुला कोण विचारतो" असं म्हणणाऱ्यांसाठी: २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा आहे, यंत्रं शिकतीलही, शिकू देत. मी रेघ मारायची थांबणार नाही.

गेल्या महिन्यात त्याच चुलतभावाने एका जुन्या खरेदीखताचे फोटो पाठवले. वाटणीचा दावा चाललाय. "ताई, आपला सर्व्हे नंबर यात आहे का तेवढं बघ. बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल." नंबर आहे, त्याला कळवलं. बाकीचंही वाचलं आहे. त्याने अजून विचारलेलं नाही.