जुना रायडिंग मोवर: सेल्फ मारला की अर्ध्या फेरीत अडतो

मार्चअखेर

आमचा प्लॉट पाऊण एकराचा, म्हणजे तीस गुंठे. घर, ड्राइव्हवे आणि मागची झाडी वजा केली तरी वीसेक गुंठे गवत उरतं. ओहायोत एप्रिल-मेमध्ये पावसाची झड लागली की ते बघता बघता घोट्याच्या वर येतं, आणि टाउनशिपची मर्यादा ओलांडली की नोटीस येते ती वेगळीच. ढकलायच्या मशीनने अख्खा शनिवार त्यातच जायचा. नवा रायडर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, घ्यायचा तर दोन हजार डॉलर सहज जातात. म्हणून जुना घेतला: २००४ चा, ४२ इंची डेक (पाती झाकणारा खालचा पत्रा), १७.५ हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं इंजिन, हाताने टाकायचे सहा गिअर. साडेतीनशे डॉलर सांगितले होते, पावणेतीनशेला आला. कारण जाहिरातीतच लिहिलं होतं, ‘सुरू होताना त्रास देतो’.

जुना घेणाऱ्यांसाठी माझं मत आधीच सांगतो. बंद पडलेल्या इंजिनला फार घाबरू नका. घाबरायचं ते ट्रान्समिशनला आणि डेकच्या पत्र्याला. इंजिनचे बहुतेक आजार पन्नास डॉलरच्या आत आणि घरच्या घरी बरे होतात. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं ट्रान्समिशन गेलं तर ते बदलायच्या पैशात दुसरा जुना रायडर येतो. त्यातलं तेल गार असताना गाडी घोड्यासारखी पळते. तापून पातळ झालं की चढावर दम टाकते. त्यामुळे हायड्रो गाडी बघायला गेलात तर अंगणात दोन फेऱ्या मारून ‘छान आहे’ म्हणू नका. वीस मिनिटं गवत कापू द्या म्हणावं, मग चढावर न्यावी. विकणारा नाही म्हणाला तर तेच उत्तर समजायचं. बऱ्याच स्वस्त रायडरमधल्या टफ टॉर्क के४६ या हायड्रो ट्रान्समिशनला तेल बदलायला ड्रेन प्लगच नाही. सपाट अंगणात तो वर्षानुवर्षं चालतो, पण चढ-उताराचं काम त्याचं नव्हे. आमच्याकडे मागे उतार आहे, म्हणून मी मुद्दाम गिअरवाली शोधत होतो.

दुसरं म्हणजे विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनवर हात ठेवायचा. कोमट लागलं तर काहीतरी लपवलेलं आहे. गार इंजिन सेल्फवर कसं उठतं, पहिला धूर कुठल्या रंगाचा निघतो, हे एकदाच बघायला मिळतं. निळा धूर थांबतच नसेल तर अशा एका सिलिंडरच्या ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनात बऱ्याचदा हेड गॅस्केट गेलेलं असतं. सिलिंडर आणि पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीची) पोकळी यांच्या मधली अरुंद पट्टी फुटते, क्रँककेसमध्ये दाब भरतो आणि तेल ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) एअर फिल्टरकडे येतं. फिल्टरचं झाकण उघडून बघा. कागद तेलाने भिजलेला असेल तर भाव पाडायला हरकत नाही.

डेकखाली वाकून एक जुना स्क्रूड्रायव्हर टोचत जायचं. सुकलेल्या गवताचा थर पत्र्याला चिकटून असतो आणि गंज त्याच्या मागे चरतो. टोक आत शिरलं तर पुढे बोलणी नकोत. प्लगची वायर काढून, हातमोजे घालून पाती वर-खाली हलवून बघा. खडखड वाजली तर स्पिंडलची, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्याची, बेअरिंगं गेली. हा मात्र स्वस्त मामला आहे.

नंबरांबद्दल. सीट उचलली की मॉडेलची पट्टी दिसते. सिअर्स या दुकानसाखळीच्या काळातल्या जुन्या क्राफ्ट्समन ब्रँडच्या गाडीवर नंबर ९१७ ने सुरू झाला तर ती गाडी हस्कवार्नाच्या घराण्यातली, २४७ ने सुरू झाला तर एमटीडीची. म्हणजे सुटे भाग त्या घराण्याच्या इतर गाड्यांचेही चालतात आणि निम्म्या किमतीत मिळतात. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात. कोडचे पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, त्यापुढचे दोन तारखेचे. आमच्या इंजिनावर ०४ ने सुरुवात आहे, म्हणजे गाडीचं आणि इंजिनाचं वय जुळलं. मॉडेलचे पहिले दोन अंक साधारण क्युबिक इंचात इंजिन केवढं ते सांगतात. ३१ म्हणजे पाचशे सीसीच्या आसपास. विकणारे अकरा वर्षांची म्हणून पंधरा वर्षांची गाडी सर्रास खपवतात, मुद्दाम असं नाही, त्यांनाही आठवत नसतं.

गाडी आणली यू-हॉलच्या भाड्याच्या, रॅम्पवाल्या ट्रेलरवर. हायड्रो गाडीत ट्रान्समिशन मोकळं करायची एक दांडी मागे असते, ती ओढल्याशिवाय ढकलू नका.

एप्रिल

आता मुख्य आजार. किल्ली फिरवली की सेल्फ जोरात उचलतो, इंजिन अर्धी फेरी फिरतं आणि भिंतीला टेकल्यासारखं अडतं. पुन्हा किल्ली, पुन्हा अडतं. तिसऱ्या-चौथ्यांदा कधीतरी त्या अडथळ्यापलीकडे जातं आणि मग मस्त सुरू होतं. आधीच्या मालकाने यासाठी बॅटरीही नवी टाकली होती आणि सेल्फची मोटरही. फरक शून्य.

बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती. टर्मिनल आणि चासीवरची अर्थची वायर घासून चकचकीत केली. मग प्लग काढून किल्ली फिरवली. इंजिन भिंगरीसारखं फिरलं. इथेच निदान झालं: बॅटरी, वायरी, सोलेनॉइड, सेल्फ सगळं ठणठणीत. अडवतंय ते कॉम्प्रेशन. आणि कॉम्प्रेशन अडवतंय म्हणजे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पाचशे सीसीचं एक सिलिंडर पूर्ण दाबून फिरवायची ताकद त्या इवल्याशा सेल्फमध्ये नसते. म्हणून कॅमशाफ्टवर एक छोटा उंचवटा ठेवलेला असतो. इंजिन हळू फिरत असताना तो एक व्हॉल्व्ह केसभर उचलून धरतो, थोडी हवा निसटते आणि सेल्फचं काम हलकं होतं. इंजिनने वेग घेतला की उंचवटा बाजूला होतो. आता हा ‘केसभर’ म्हणजे खरोखर केसभरच. वर्षानुवर्षं टॅपेट केले नाहीत की रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी दांडी) आणि व्हॉल्व्हमधली फट वाढते, उंचवट्याची सगळी उचल ती फट भरण्यातच संपते आणि व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. पूर्ण कॉम्प्रेशन, आणि अर्ध्या फेरीत सेल्फ आडवा. यात इंजिनाचा काही दोष नाही. वीस वर्षांत कुणी झाकणच उघडलं नव्हतं, बोल्टवरचा कारखान्याचा रंगसुद्धा तसाच होता.

काम गार इंजिनवर करायचं. व्हॉल्व्ह कव्हरचे चार बोल्ट काढले. प्लग काढून ठेवलेलाच होता. त्या भोकातून एक बारीक लाकडी काडी आत सोडली आणि वरून फ्लायव्हील हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवत गेलो. काडी वर येते, दोन्ही रॉकर सैल असतात, तिथे पिस्टन माथ्यावर. तिथे थांबायचं नाही. आणखी थोडं फिरवून पिस्टन पाव इंच खाली न्यायचा, म्हणजे तो उंचवटा मध्ये येत नाही आणि माप खरं मिळतं. या मालिकेच्या इंजिनांना माप असं: इनटेकला ०.००३ ते ०.००५ इंच, एक्झॉस्टला ०.००५ ते ०.००७ इंच. तुमचं इंजिन वेगळं असेल तर त्याचं पुस्तक बघा, माझे आकडे नकोत.

फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) १५ थाऊची, म्हणजे ०.०१५ इंचाची पट्टी एक्झॉस्टखाली आरामात सरकली! रॉकर नटच्या मधला टॉर्क्स स्क्रू सैल केला, ६ ची पट्टी आत ठेवली आणि नट आवळत गेलो. पट्टी ओढताना हाताला चिकटल्यासारखी वाटली पाहिजे, पण अडता कामा नये. तिथे नट धरून ठेवायचा आणि स्क्रू आवळायचा. आवळताना नट हमखास किंचित फिरतो, म्हणून पुन्हा मोजायचं. इनटेक ४ वर बसवला. फ्लायव्हीलच्या दोन फेऱ्या देऊन दोन्ही पुन्हा तपासले. कव्हरला नवं गॅस्केट, नवा प्लग ०.०३० इंचाच्या गॅपचा. किल्ली फिरवली, एका दमात उठलं.

खर्च फक्त गॅस्केट आणि प्लगचा. म्हणून म्हणतो, सुरू होताना अडणारी गाडी ही खरेदीची संधी असते.

झाकणं उघडलीच होती म्हणून पंख्यावरचं आवरणही काढलं. आत उंदरांचा संसार. इन्सुलेशनचा गुलाबी कापूस, वाळलं गवत, काळ्या अक्रोडाची टरफलं, सगळं हेडच्या पंखांमध्ये (गार करणाऱ्या पातळ पत्र्यांमध्ये) घट्ट ठासलेलं. हे इंजिन फक्त वाऱ्यावर गार होतं. त्या पंखांमधून हवा गेली नाही तर हेड एका बाजूने तापतं आणि वर सांगितलेल्या गॅस्केटची वाट लागते. बाहेरून काही कळत नाही. गाडी कितीही चांगली चालत असली तरी जुना रायडर घरी आला की हे आवरण एकदा उतरवाच. वासाची तयारी ठेवा.

बाकीचं भराभर: एसएई ३० तेल, ४८ औंस. नवा फ्युएल फिल्टर, बाण कार्बोरेटरकडे. टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून दिलं. व्हार्निशसारखा वास येत होता. किल्ली फिरवल्यावर कार्बोरेटरच्या वाटीखालचा सोलेनॉइड ‘टक’ वाजतो का ते बघितलं. वाजला. तो वाजत नसेल तर गाडी सुरू होत नाही किंवा बंद करताना बार उडतो.

मे-जून

बाबा आले होते. त्यांना हा सगळा प्रकारच पटत नाही. “अरे, वीस गुंठे आहेत, आणि कापून काय करता? गुरं आहेत का?” पण पाती बघितल्यावर हात शिवशिवले. मी अँगल ग्राइंडर काढला, तो त्यांनी बाजूला ठेवायला लावला. धार निळी पडली की त्या जागी लोखंडाचा ताव गेला, दोन आठवड्यांत बोथट. व्हाइसमध्ये पातं धरून चपट्या कानशीने एकाच दिशेने, मूळ कोनात घासत गेले. दगडाने पडलेले खाचे पूर्ण काढायच्या नादी लागले नाहीत. मागचा वर वळलेला कान तसाच ठेवायचा, गवत उभं करायचं काम तो करतो. मग भिंतीवरच्या खिळ्यात मधलं भोक अडकवून तोल बघितला. जड बाजू खाली झुकते, तिथे आणखी दोन हात. तोल गेलेलं पातं स्पिंडलची बेअरिंगं खातं.

डेकचा बेल्ट बदलला. वाहनांच्या दुकानातला साधा व्ही-बेल्ट त्याच मापाचा मिळतो आणि स्वस्त असतो, पण घेऊ नका. या बेल्टला पाठीवरूनही पुलीवर वळावं लागतं आणि क्लचसारखं घसरावं लागतं. अरामिडचा धागा असलेलाच टिकतो.

टायरमध्ये माझ्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे पुढे १४, मागे १० पीएसआय. मागच्या दोन्हींत सारखी हवा नसेल तर डेक कलतो आणि लॉनवर पायऱ्या दिसतात. लोक डेकच्या लेव्हलशी तासभर झटापट करतात, हवा बघत नाहीत. कापायची उंची तीन-साडेतीन इंच ठेवतो. आमच्याकडचं फेस्क्यू गवत त्याहून खाली नेलं की जुलैत पिवळं पडतं.

एक गोष्ट जरा रागाने लिहितो. आपल्या मंडळींत नातवंडांना मांडीवर बसवून रायडरवर फिरवायची हौस फार. फोटोही येतात. कृपा करून नको. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची अकादमी सोळा वर्षांखालच्या मुलांना रायडर चालवू देऊ नका आणि सोबत कुणाला बसवू नका असं स्पष्ट सांगते. सीटखालचा स्विच, जो चालवणारा उठला की गाडी बंद करतो, वायरने जोडून ‘बायपास’ केलेला असेल तर तो आधी पूर्ववत करा. आमच्या गाडीत तसाच होता. वायर तोडून नवा स्विच बसवला, दहा-बारा डॉलर. आणि उतारावर आडवं चालवू नका, वर-खाली चालवा. १५ अंशांच्या पुढे रायडर नेऊच नये. रस्त्याकडेचा चर मी अजून ढकलायच्या मशीननेच कापतो.

ऑक्टोबर

हंगामभर गाडी पहिल्या किल्लीला सुरू होत आली. शेवटच्या दोन फेऱ्या पानं भुगा करण्यात गेल्या. टाकीत स्टॅबिलायझर टाकून दहा मिनिटं चालवली, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. तेल आत्ताच बदललं, वसंतात नाही. जळकं तेल हिवाळाभर आत का ठेवायचं? बॅटरी काढून बेसमेंटमध्ये चार्जरवर.

राहिलंय ते स्टिअरिंग. चाकं हलायच्या आधी जवळजवळ पाव फेरी नुसती फुकट जाते. खाली झोपून बघितलं तर सेक्टर गिअरचे (स्टिअरिंगच्या अर्धवट दातेरी चाकाचे) मधले तीन-चार दात झिजून टोकदार झालेत, कडेचे नव्यासारखे. गिअर आणि पिनियन दोन्ही एकदम मागवलेत, एकच बदलला तर जुना नव्याला खातो. पुढच्या अॅक्सलच्या बुशही त्याच वेळी निघतील. डेक उतरवल्याशिवाय हात जात नाही, त्यामुळे बर्फ पडला की गॅरेजमध्ये हेच काम.