तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या चाकूची मूठ का तासता?

नवाकोरा घडीचा चाकू हातात आला की थोड्याच दिवसांत मी त्याच्या मुठीचं व्हर्निश उतरवायला बसतो. हे पाहणारा प्रत्येक जण विचारतो, एवढं तासायचंच असेल तर आधीच हाताला बसेल असा चाकू का घेत नाही?

तसा चाकू कारखान्यात मिळत नाही म्हणून. कारखाना मूठ बनवतो ती कुणा एकाच्या हातासाठी नाही. तळवा रुंद असला, बोटं आखूड असली की ती कुठेतरी रुततेच. प्लास्टिकच्या मुठीपुढे आपणच हात जुळवून घेतो, लाकूड मात्र तासता येतं. त्यामुळे चाकूंची तुलना करताना लोक पोलादाच्या जातीवरून वाद घालतात तेव्हा मी आधी बघतो ते मुठीत तासण्याजोगं लाकूड किती आहे.

या बाबतीत माझा कौल ओपिनेलला. फ्रान्सच्या सव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू घडवला. बीच नावाच्या झाडाच्या अखंड लाकडाची मूठ, तिच्यात करवतीने पाडलेली खाच, पातं, खिळा आणि तोंडाशी धातूची पट्टी, एवढाच संसार. पातं अडकवणारं फिरतं कडं १९५५ मध्ये आलं. आठ नंबरच्या मापाचं पातं साधारण साडेआठ सेंटिमीटर लांब असतं आणि मूठ भरीव, त्यामुळे तासायला भरपूर वाव मिळतो. फ्रान्सचाच नोंत्रोनचा चाकू दिसायला जास्त देखणा. पण त्याच्या बॉक्सवुडच्या मुठीवर तापल्या सळईने नक्षी डागलेली असते. पॉलिश पेपर लावला की ती गेलीच, म्हणून त्याला मी हात लावत नाही. ओकापी नावाच्या चाकूच्या सडपातळ मुठीत चंद्र-ताऱ्यांचे धातूचे तुकडे बसवलेले असतात. तिथे लाकूड खाली जातं, धातू वर राहतो आणि नेमका तोच बोटाला टोचतो.

आता प्रत्यक्ष काम. पातं उघडून कड्याने अडकवा आणि त्यावर जाड चिकटपट्टी गुंडाळा. आधी व्हर्निश पूर्ण काढायचं, कारण त्याच्यावरून तेल आत मुरत नाही. मग मुठीची पाठ, शेपटीकडचं टोक आणि करंगळी टेकते ती जागा, इथे मनसोक्त तासा, पेपर रेषांच्या दिशेनेच फिरवत. पण खाचेच्या दोन्ही ओठांना जपा. पातं मिटल्यावर धार त्या ओठांच्या आत राहते. पोटाकडून, म्हणजे खाचेच्या बाजूने, हौसेने लाकूड उतरवत गेलात तर खिशातल्या मिटलेल्या चाकूचीही धार उघडी पडते, आणि ते लाकूड पुन्हा चढवता येत नाही. मला एखाद्याने तासलेला चाकू दाखवला की मी पहिल्यांदा हे ओठच बघतो.

ओपिनेलबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे दमट हवेत लाकूड फुगतं आणि पातं उघडता उघडत नाही. सव्हॉयच्या लोकांची यावरची युक्ती जुनी आहे: मुठीची शेपूट टेबलावर ठोकायची, पातं थोडं बाहेर येतं, मग चिमटीत धरून उघडायचं. कायमचा इलाज हवा असेल तर कडं काढून मूठ नीट वाळू द्या आणि सांध्यात जवसाचं तेल थेंबाथेंबाने मुरवा. तरीही घट्टच वाटलं, तर पातळ पुठ्ठ्याला पॉलिश पेपर चिकटवून खाच आतून थोडी घासा. एक गोष्ट कळकळीने सांगतो: जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंधी पसरून वाळवा.

पोलादाचं म्हणाल, तर मी कार्बन घेतो. धार दगडावर पटकन चढते आणि फळं कापता कापता पात्यावर करडी-निळसर झाक येते, ती मला मनापासून आवडते. मात्र वापरल्यावर पुसून ठेवलं नाही तर गंज धरतो. पुसायची सवय नसेल तर स्टेनलेस घ्या, त्यात काहीच कमीपणा नाही.

आणि पहिल्याच दिवशी तासायला बसू नका. थोडे दिवस तो तसाच वापरा, हाताला जिथे रुतेल तिथे पेन्सिलने खूण करा. व्हर्निश काढल्यावर पेपर आधी त्या जागांवरच चालवा.