आमची वाटचाल : सांगली पासिंगची गाडी

2011 साली रबाळे एमआयडीसीत एका छोट्या हत्तीवर आम्ही दोघा भावांनी धंदा सुरू केला. दादा गाडी चालवायचा, मी भाडी शोधायचो. पुढच्या सात वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हप्ते फिटले, दुसरा टेम्पो आला, पवणे-महापेच्या कंपन्यांत ओळखी झाल्या. खरी शाळा 2018 मध्ये सुरू झाली, पहिला ट्रक घेतला तेव्हा.

गाडी कळंबोलीच्या एका दलालाकडून घेतली. 2012 चं मॉडेल, सहाचाकी, पासिंग सांगलीचं. बीएस म्हणजे गाडीच्या धुरावरचे सरकारी नियम, आकडा वाढेल तसे कडक. 2012 मध्ये बीएस-4 फक्त मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आलं होतं, म्हणून ही बीएस-3. दलालाने इंजिन चालू करून ऐकवलं, आवाज गोड होता. डिझेल इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालू असेल तर फार धूर दाखवत नाही, एवढंही आम्हाला माहीत नव्हतं. ॲक्सिलेटर दाबून बघायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचा दाखला, संपायला आली तेव्हा कळलं. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतात, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलेटर एकदम तळापर्यंत दाबतात, इंजिन पूर्ण रेसला गेलं की सोडतात, आणि हे चार-पाच वेळा. धुरामुळे उजेड किती अडतो ते यंत्र मोजतं. आमच्या गाडीला मर्यादा 2.45 ची (बीएस-4 ला 1.62). आकडा आला 4.1. पहिल्याच रेसला मागे इतका काळा ढग उठला की शेजारचा चहावाला टपरी झाकायला धावला.

तिथल्याच एकाने हळूच सुचवलं, नळी बाहेर ठेवून कागद काढून देतो, थोडे जास्त द्या. खोटं कशाला बोलू, दादाचा हात खिशाकडे गेला होता. पण आदल्याच आठवड्यात महाप्यातल्या एका कंपनीच्या गेटवर गाडीचा धूर बघून सेफ्टीवाल्यांनी माल न भरता परत पाठवली होती. तिथे कागद कुणी मागितलाच नव्हता.

मग लागलो मागे. आमच्या ड्रायव्हर मामांनी आधी एअर फिल्टर काढला. आत लाल माती, थरच्या थर. गाडी आधी वीटभट्टीवर होती, हे आरसी बुकात कुठे लिहिलेलं नसतं! हवाच पुरत नसेल तर डिझेल अर्धवट जळणार आणि काळं होऊन बाहेर पडणार. फिल्टर बदलल्यावर आकडा 3.5 झाला.

पुढचा मुक्काम पंपवाल्याकडे, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप दुरुस्त करणाऱ्याकडे. त्याने बॉनेटमध्ये बॅटरी मारली आणि हसायलाच लागला. पंपाचं शिशाचं सील तुटलेलं, तार नुसती लोंबत होती. "आधीच्या मालकाने डिझेल वाढवून घेतलंय. लोड जास्त, घाट चढायला पाहिजे ना!" पंप उतरवून बेंचवर लावला, डिझेल मापात आणलं. सहापैकी दोन नोझल फवारा न मारता थेंब टाकत होते, तेही बदलले. सगळं धरून 28,000 गेले. त्या महिन्याचा हप्ता वहिनींच्या भिशीतून भरला.

आकडा आला 2.6. शिवाय मामा वैतागले, मुंब्रा बायपासच्या चढाला गाडी ओढेना. पंपवाल्याला शिव्या घालायच्या बेतात होतो, तेवढ्यात मामांना इंटरकूलरच्या होजवर, म्हणजे टर्बोने इंजिनात दाबलेली हवा नेणाऱ्या रबरी पाइपवर, तेलकट काळा डाग दिसला. क्लिपखाली चीर होती. टर्बोची हवा तिथूनच निसटत होती. वाढवलेल्या डिझेलखाली हा दोष इतके दिवस झाकला गेला होता. होज बदलला, गाडी पुन्हा ओढू लागली.

आणखी एक बावळटपणा. पीयूसी सेंटर आमच्या यार्डापासून दोनशे मीटरवर, त्यामुळे आम्ही दर वेळी थंड इंजिनच घेऊन जायचो. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही. या वेळी मामा माल भरलेली गाडी शिळफाट्यापर्यंत फिरवून थेट सेंटरला आले. 1.9. ॲव्हरेजही साडेचारवरून पाचच्या पुढे गेलं, म्हणजे 28,000 चं दुखणं काही महिन्यांत विसरता आलं.

आज चार ट्रक आहेत. एक बीएस-6, तिला डिझेलबरोबर युरियाही पाजावा लागतो आणि जरा काही झालं की डॅशबोर्डवर दिवा पेटतो. सांगलीवाली अजून चालते. तिची पीयूसी दर सहा महिन्यांनी, बीएस-6 ची वर्षातून एकदा. तारखा वहिनींच्या कॅलेंडरवर लाल पेनाने.

मागच्या वर्षी चौथी गाडी बघायला गेलो तेव्हा दलाल फाईल घेऊन पुढे आला. मामा सरळ फिल्टरचं झाकण उघडायला लागले.

"अहो, आधी कागद तरी बघा," दलाल म्हणाला.

"कागद मालक बघतील," मामा म्हणाले, "तुम्ही जरा गाडीत बसून ॲक्सिलेटर दाबा."